व इतर

"नाव?"
"निनावे."
"अहो बाई, घरमालकाचं काहीतरी नाव असेलच की."
झोन ऑफिसातले शेडगे साताऱ्याकडचे, नवे.
मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं,
"साहेब, तांडापेठेत अर्धी गल्ली निनावेच हाये."

सकाळची कचरागाडी आजकाल गाणं मध्येच तोडते
आणि सांगते, एकतीस मार्चपर्यंत या,
शास्तीत सूट आहे.
शास्ती म्हणजे दर महिन्याचे दोन टक्के.
हे गेले त्या महिन्यातही ते चुकले नाहीत.

शेडगे वही उलटी फिरवून दाखवतात:
ओसरी, दोन खोल्या, वर टीन,
आणि मागाच्या खोलीपुढे एक शब्द, किरायदार.
"हा शब्द निघाला तर पुढचाही कर उतरेल.
घरच्याच कोणी राहतात ना?
मग लिहून आणा त्यांच्याकडून, सहीनिशी."

तो शब्द कसा आला, मला आठवतं.
टेप घेऊन आला होता एक पोरगा,
शर्टाला पेन, कपाळाला घाम.
मागाच्या खोलीत बाई तांदूळ निवडत होत्या.
त्यानं विचारलं, तुम्ही कोण?
मी सांगणार होते, माझी नणंद, पार्बताबाई.
त्या आधी बोलल्या,
"किरायानं राह्यते मी. फुकट नाही राहत कोणाकडे."

साठ रुपये.
उमरेडहून एक पेटी घेऊन परत आल्या
त्याच्या दुसऱ्याच महिन्यापासून.
भाऊ ओरडला, रुसला, दोन दिवस जेवला नाही.
पहिल्या तारखेला मिठाच्या बरणीखाली नोटा असायच्याच.
त्या खोलीत सासऱ्यांचा माग होता,
खाली पाय सोडायचा खड्डा.
माग मोडीत गेला, तेवढा खड्डा उरला.
बाईंनी तो स्वतः विटांनी बुजवला, वर शेण सारवलं,
आणि नेमका तिथंच बिछाना घातला.
पुढे साठाचे शंभर झाले, शंभराचे तीनशे.
खोलीवरचा कर मात्र
त्यांच्या वर्षभराच्या किरायापेक्षा नेहमी जास्त.
हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.
रागात, दोनदा, सांगायला उठले होते.

आज कागद पुढे ठेवला.
कूलरला नवी वाळ्याची ताटी लावलेली,
खोलीत ओला वास.
त्यांनी चष्म्याची दोरी सरळ केली, वाचलं, पुन्हा वाचलं:
*मी या घरात किरायदार नसून कुटुंबातील सदस्य आहे,
मी कोणताही किराया देत नाही.*
"हे तर खोटं हाये."
"पहिलं वाक्य खरं आहे ना, बाई?"
कूलर घरघरत राहिला.
"पह्यलं तुमच्या तोंडून कधी आयकलं नाही," म्हणाल्या.
उत्तर देता येईना म्हणून
मी पाण्याची टाकी भरली का ते पाहायला गेले.
टाकी भरलेलीच होती.

परत आले तर सही झालेली,
थरथरती, ओळीच्या खाली उतरलेली,
पण पूर्ण: पार्बता डोमाजी निनावे.
सासरचं आडनाव नव्हतं त्यात.

शास्ती गेली. शेडगेंनी शब्दावर लाल रेघ मारली,
पैसे मोजले, पावती दिली.
मी बसस्टॉपवर बसून चौदा वर्षांत पहिल्यांदा
उसाचा रस प्याले, मोठा गिलास.

पहिली तारीख. सवयीनं बरणी उचलली.
तीनशे रुपये.
"बाई, आता तर तुम्ही लिहून दिलं..."
"किराया नाही तो. टॅक्स हाये.
घर आपलं असलं तर भरा लागते का नाही?
पावती पाहू द्या."

दिली.
वर सासऱ्यांचंच नाव, अजून कोणी बदललेलं नाही,
डोमाजी सखाराम निनावे व इतर.
नखानं शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ ओढत
त्यांनी विचारलं,
"हे इतर कोण व?"
"तुम्ही," मी म्हटलं. "आणि मी."
त्यांनी पावतीची घडी घातली
आणि परत दिलीच नाही.