एकास शंभर

खडकीच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी नट-बोल्टांची ड्रॉइंग काढली.
रेषा केसभर सरकली तर कागद परत यायचा.
आता त्याच टी-स्क्वेअरने
झाडं काढतेय.

दिवे घाट चढून गेलं की डाव्या हाताला
अकरा गुंठे मुरूम.
एकास शंभर केला की
जेवणाच्या टेबलावर मावतो,
कडेला आमटीची वाटी ठेवायला जागा उरते.

कंपासने घेर ओढते:
आंबा चार सेंटिमीटर, चिकू तीन,
अंजीर अडीच. सीताफळांना दोन पुरे,
ती तशीही एकमेकींच्या अंगावर रेलणार.
हे घेर आजचे नाहीत.
आज सगळी पेन्सिलच्या जाडीची रोपं आहेत,
सासवडच्या नर्सरीत काळ्या पिशव्यांत उभी.
कागदावर आहे ते पंधराव्या वर्षाचं.
नट बरा होता,
काढला तेवढाच राहायचा.

सावलीत वाढते ती हळद
पहिल्या वर्षी कुणाच्या सावलीत लावायची?
म्हणून आधी शेवगा, हडगा, तूर, गिरिपुष्प,
ही चारही तुटक रेषेने.
उंच व्हायचं, उन्हात उभं राहायचं,
मग छाटून घ्यायचं आणि आंब्याच्या बुडाशी
पाला होऊन पडायचं.
कारखान्यात तुटक रेषेचा अर्थ होता:
दिसत नाही, पण आहे.
इथे नेमका उलटा.

रताळ्याचा वेल काही केल्या रेषेत बसेना,
हिरव्या पेन्सिलीने नुसता गिरगटून टाकला.
कोनफळ हडग्यावर चढवलंय.
सुरण कुठे पुरणार ते बाण काढून लिहिलंय,
नाहीतर मीच विसरेन.
भोवती करवंदांचं कुंपण,
हा बकऱ्यांशी तह.

शेजारच्या हौसाबाई झेंडे मटार घेऊन आल्या,
त्यांनी नकाशा उलट्या बाजूने पाहिला
आणि विचारलं, "पानी कुठनं येतं ते काढलंय का?"
उतार पश्चिमेकडे, मी म्हटलं, बाणही दाखवला.
त्या मला हाताला धरून रानात घेऊन गेल्या,
एका दगडापाशी थांबल्या.
"हितं आषाढात बेडूक बसत्यात."
लिंबाची जागा नेमकी तीच होती.
घरी येऊन इतकं खोडलं
की कागदाला भोक पडलं.
भोकाच्या काठाने आता केळी आणि अळू,
मोरीचं पाणीही तिकडेच वळवलंय.

अरविंद चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत होता.
अंजिराबद्दल बोलेल वाटलं, कढीपत्त्याबद्दल तरी.
म्हणाला, "आणि गाडी कुठे वळवायची?"

गाडी वळायला पाच सेंटिमीटरची त्रिज्या लागते.
मी कंपास ठेवून पाहिला,
फाटकापाशी तेवढाच मोकळा घेर होता
आणि तो चिंचेचा होता.
दोघंही गप्प.
कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी झाली.
त्याने बोटांवर काहीतरी मोजलं.
"चिंच एवढी व्हायला किती वर्षं?"
पंधरा तरी. वीस धर.
"मग मध्यभागी लाव. तोवर तिला वळसा घालून वळवू.
वीस वर्षांनी मी एक्क्याऐंशीचा,
मला गाडी द्यायला तू काय वेडी आहेस?"
आणि चिंचेखाली तसंही काही उगवत नाही,
गाडी उभी करायला चांगली जागा,
असं मी म्हटलं,
तर तो हसला आणि शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

उजव्या कोपऱ्यात सवयीने चौकट आखली.
माप: एकास शंभर.
काढले: कुं. अ. खळदकर.
तपासले, या रकान्यात
साहेबांची सही असायची.
तिथे पेन्सिलीने, फिकट,
लिहून ठेवलंय:
मे महिना.