चार मीटरवरून

एलिसेओ ओयार्सून दर चौथ्या बुधवारी येतात,
चिलोए बेटावरून, पहाटेची फेरीबोट, मग बस,
मांडीवर मासे नेण्याची निळी शीतपेटी.
आत मासे नाहीत. वितळत आलेला बर्फ
आणि टॉवेलात गुंडाळलेल्या छप्पन्न रिकाम्या कुप्या.
त्या मोजून घेणं हे माझं पहिलं काम.

दुसरं काम, दिवा मालवणं.

औषध म्हणजे सात अमिनो आम्लांची माळ,
एवढीशी, की डोळ्याच्या मागच्या भिंतीपर्यंत
ती पोचते का, हेच अजून पाहायचं आहे.
उंदरांत पोचली होती.
उंदरांना तक्ता वाचून दाखवावा लागला नव्हता.

निम्म्या लोकांच्या कुप्यांत नुसतं मीठपाणी.
कुणाला काय, ते एलिसेओंना ठाऊक नाही,
मला नाही, डॉक्टर बार्रिआंना नाही,
सान्तियागोतल्या कुठल्याशा कुलूपबंद संगणकाला आहे.
या पद्धतीला दुहेरी अंध म्हणतात.
संमतीपत्र वाचून दाखवताना
मी त्या शब्दावर अडखळले.
ते हसले. "म्हणजे मी एकटा नाही."

चाळीस वर्षं त्यांनी होड्या बांधल्या.
फळीला फळी, फटीत ठासलेली साल,
ओळंबा खिशात, रेघ नजरेनं.
आता नजरेच्या मधोमध एक जागा आहे.
"काळी नाही," सांगतात, "तिला रंगच नाही.
जिथं बघावं तिथलं तेवढंच
कुणीतरी उचलून नेलेलं असतं."
म्हणून बोलताना ते माझ्या कानाकडं बघतात.
चेहरा कडेनं सापडतो.
मी आताशा बुधवारी डूल घालून येते.

तिसऱ्या महिन्यात त्यांनी चार ओळी वाचल्या.
पाचव्यात सहा.
मी आकडे लिहिले, आणि घरी जाताना
काही कारण नसताना केक घेतला.

सातव्या भेटीला नियमाप्रमाणं तक्ता बदलला.
त्यांनी डावा डोळा झाकला, मान तिरकी केली,
आणि खणखणीत आवाजात:
आचे, उवे, सेता, दे, एसे.
मी तक्त्याकडं पाहिलं.
आचे नव्हता. त्या ओळीत कुठंच नव्हता.
पुढची ओळही जुनीच, न अडखळता,
शाळेत पाठ केलेल्या पाढ्यासारखी.
बाहेरच्या बाकावर, माझ्या दाराशी बसून
आधीच्यांची उत्तरं ऐकली असणार त्यांनी,
किती बुधवार कोण जाणे.

"बरोबर आहे ना?"

डोळेझाक करायला काही लागत नाही.
एक पेन. दोन अंक.
मी गप्प राहिले, तेवढ्यात त्यांना कळलं.
हात डोळ्यावरून खाली आला.
"ती रक्त घेणारी मुलगी," ते म्हणाले,
"दर वेळी विचारते, काही फरक, दोन एलिसेओ?
नाही म्हणवत नव्हतं."

मी म्हटलं, खोटा आकडा कचऱ्यासारखा असतो,
उडून कुणाच्या तरी डोळ्यात जातो.
मग मलाच ते बोलणं फार झालं असं वाटलं.
मी शून्य लिहिलं. खाली टीप:
मागच्या भेटींच्या नोंदी ग्राह्य धरू नयेत.
शेवटचं अक्षर थोडं बिघडलं.

"लिहा," ते म्हणाले. "पण हेही लिहा,
की सकाळ-संध्याकाळ, वादळातसुद्धा,
डोळ्यात तेल घालून मी हे थेंब घातलेत.
त्यात लबाडी नाही."
कुप्या मी पुन्हा मोजल्या. छप्पन्न.

मी दिवा लावला. ते उठले,
शीतपेटी खांद्याला, मान तशीच तिरकी,
दारात थांबले, चौकटीवरून अंगठा फिरवला,
वरून खाली, मग खालून वर.
"ही बाजू कललीय," म्हणाले.
"तीनेक मिलिमीटर. जास्त नाही.
त्या मुलीला सांगा, फरक आहे."