एकास पस्तीस

नोव्हेंबरात लापेनरांताला तीन वाजताच अंधारून येतं.
ईर्याने स्वयंपाकघरातल्या मेजावर जुनी वर्तमानपत्रं पसरून दिलीत,
एक कोपरा स्वतःच्या कॉफीपुरता राखून.
बाकी मेज माझं, बर्फ वितळेपर्यंत.

चौकटीतून एकेक भाग कापायचा,
कापल्या जागची गाठ पात्याने तासायची
आणि बोटाने चाचपायची.
डोळ्यांवर आता भरवसा नाही,
बोटांवर आहे, थोडा.
चाकांच्या चकत्या चोवीस.
पट्ट्याचे दुवे एका अंगाला त्र्याण्णव;
मोजताना दोनदा चुकलो,
एक मेजाखाली घरंगळला
तो बहुधा कुत्र्याच्या पोटात आहे.

खोक्यावरच्या चित्रात आग आहे, धूर आहे.
खोक्यात नाही.

या जातीच्या रणगाड्याला घुमट नसतो,
मानच नाही म्हणा ना.
ज्याच्यावर नेम धरायचा
त्याच्याकडे अख्खं धूड वळवावं लागतं.
वडिलांना हाक मारली की तेही असेच वळायचे,
खांद्यांसकट, पायांसकट,
आणि वळून झाल्यावर
काहीच बोलायचे नाहीत.
चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात ते अशाच एकात होते,
तोफेच्या उजव्या अंगाला, गोळे भरायला.
हेही आत्याने सांगितलेलं, दबक्या आवाजात,
ते गवत कापायला गेल्यावर.

आमची माणसं रणगाड्याच्या कुशींना ओंडके बांधायची,
तेवढाच आडोसा.
त्यासाठी मी ऑक्टोबरातच रानातून
ब्लूबेरीच्या काड्या तोडून आणल्या होत्या.
खऱ्या स्प्रूसची साल या मापात फार जाड दिसते,
खोटी वाटते.
चिखल मात्र खरा, आमच्याच अंगणातला,
ईर्याच्या चहाच्या गाळणीतून चाळलेला.
(गाळणीचं तिला अजून सांगितलेलं नाही.)

आतून हस्तिदंती रंगाचे दोन हात दिले.
छप्पर बसलं की तो कुणालाच दिसणार नाही.
"मग कशाला?" हिल्याने विचारलं.
नऊ वर्षांची आहे, तिला उत्तर लागतं.
मी टर्पेंटाइनची बाटली उगाच हलवत बसलो.

काल माणसं रंगवायला घेतली.
चौघं, प्रत्येक जण माझ्या करंगळीपेक्षा थोडा लहान.
गोळे भरणाऱ्याचा उजवा हात पुढे आलेला
आणि मूठ मिटलेली.
साच्यातली चूक वाटली आधी,
बोटं कोरायचा कंटाळा केला असेल कुणी.
मग पारोलाच्या संग्रहालयातला
तो खोकणारा रखवालदार आठवला:
गोळा आत लोटायचा तो मिटल्या मुठीने.
मागचं दार खाडकन लागतं, साहेब,
उघडी बोटं त्याला चालतात.

तेव्हा मी नुसती मान डोलावली होती
आणि तिकीटघरापाशी वाटाण्याचं सूप प्यालो होतो.

दर शनिवारी सौनाच्या भट्टीत लाकडं सारताना
वडील मूठ मिटायचे.
दर लाकडाला.
एका हाताने ठेवायचं, दुसऱ्याने ठोसा मारून आत.
मी आणि धाकटा वेइयो त्यांच्यामागे उभं राहून
नक्कल करायचो, हवेत ठोसे मारत,
आईला हसू आवरायचं नाही.
आम्हाला वाटायचं, चटक्याला भितात.
त्यांनी एकदा पाहिलं आम्हाला.
पूर्ण वळून.
मग पुढचं लाकूड उचललं.

ब्रश कडक होईपर्यंत मी तसाच बसून होतो.
ईर्या म्हणाली, झोप आता.

आज शनिवार.
तीन माणसं रंगवून झाली,
चौथ्याचा गणवेश झाला, चेहरा राहिलाय.
कुठला रंग घ्यावा ते ठरत नाही;
डबीवर लिहिलंय "त्वचा",
पण ती कुणाचीच नाही.
ओला रंग वाळेस्तोवर म्हटलं भट्टी पेटवू.
हिल्या लाकडं आणून देत होती, दोन दोन,
बुटांना बर्फ चिकटलेला.

पहिलं लाकूड आत सारलं
आणि माझ्या हाताकडे पाहिलं.