तापट हात

मी नऊ वर्षांची असतानाच आईने निकाल दिला:
"नोरीन, तुझे हात तापट. पेस्ट्रीला चालायचे नाहीत."

आमच्या घरी पाईची पारी हिल्डाने करायची.
हिल्डाचे हात जन्माचे गार,
जानेवारीतल्या दाराच्या कडीसारखे.
ती लोणी मैद्यात चिमटीने चुरायची,
वाडग्यात वाळूसारखा भुगा पडायचा,
लोण्याला पत्ताही लागायचा नाही
की कुणी हात लावला.
मी लावला की ते घाबरून पाघळायचं.
आई माझी मनगटं नळाखाली धरायची.
पेनाइनच्या डोंगरातलं पाणी, हाडापर्यंत कळ.
शंभरपर्यंत मोज, म्हणायची.
पुसून पाहिलं तर पुन्हा ऊन.
मग मी बटाटे सोलायचे, भांडी घासायची.
गरम हातांना कामं कमी नसतात.

अठ्ठावीस वर्षं हॉस्पिटलच्या लॉण्ड्रीत
वाफेच्या इस्त्रीखाली चादरी सारल्या.
सिरिल म्हणायचा, तुझे हात म्हणजे
बिल न येणारी शेगडी.
त्यालाही पाई मी दुकानातलीच वाढली.

निवृत्त झाले त्या डिसेंबरात
कोपऱ्यावरचा खाटीक ऑग्डेन
बर्फावरून घसरला, मनगट मोडून बसला,
आणि वहीत नाताळच्या दोनशे चाळीस पाईंची ऑर्डर.
गल्लीतल्या बायकांना बोलावून
प्रत्येकीला म्हणाला, हात दाखवा.
रेषा नाही पाहिल्या त्याने.
धडक्या हातात एकेकीचा तळवा नुसता धरला.
माझा धरला आणि सोडेना.
"इतकी वर्षं कुठे होतात?"

कारण ही पारी वेगळी.
पातेल्यात पाणी आणि चरबी उकळायची,
कडेला पांढरा फेस धरला की
मैद्याच्या आळ्यात ओतायची,
लाकडी चमच्याने ढवळायचं,
आणि हात घालवत नाही
तेव्हाच हात घालायचा.
उकडच ती. आधी चटका देते,
मग ताप उतरणाऱ्या मुलाच्या
कपाळासारखी होते.
गार झाली की संपलं, तडे जातात,
भिंत उभी राहत नाही.
ऊन असेतो लाकडी ठोकळ्याभोवती
अंगठ्यांनी वर वर चढवायची,
चार बोटं उंच,
मग ठोकळा हलकेच फिरवून काढून घ्यायचा.
पहिली पारी आपली आपण उभी राहिली तेव्हा
मी इकडेतिकडे पाहिलं, कुणाला दाखवावी म्हणून.
आईला जाऊन अकरा वर्षं झालेली.
ऑग्डेन म्हणाला, बुडाशी जाड आहे. दुसरी घ्या.

हिल्डाला कळलं तशी ती आली.
कोट न काढताच म्हणाली, बघू.
तिच्या बोटांत पीठ विझलं.
काठाला भेग पडली, ती खालपर्यंत गेली.
मला वाटलं होतं, आनंद होईल.

तिची नखं निळी होती.
कधीपासून गं? विचारलं.
कायमचीच, म्हणाली. रात्री हातमोजे घालून झोपते.
पेस्ट्री सुरेख व्हायची ना,
म्हणून कुणी विचारलं नाही.

आता दर गुरुवारी ती येते.
मी पारी चढवते, ती मांस भरते, दाबून, नीट,
झाकण लावून काठाला मुरड घालते,
मधोमध वाफेला भोक पाडते.
तिची मुरड माझ्याहून चांगली. अजूनही.

नवी उकड काढली की पहिला गोळा
मी तिच्या ओंजळीत देते.
मळायचा नाही, नुसता धरायचा.
शंभरपर्यंत मोज, म्हणते मी.
सत्तरालाच ती परत करते:
"घे लवकर. गार व्हायला लागला."