साफ

चूक एका शब्दाची होती, आणि तो शब्द माझा.
हाप्सालूच्या बंदर-कचेरीत, डिसेंबरात,
दुपारी साडेतीनलाच अंधारून आलं असताना
घरी जायच्या घाईत मी लिहून टाकलं होतं:
'हे टूल जुन्या नोंदी साफ करतं.'

फेब्रुवारीत एका रात्री कोणीतरी एजंटला म्हणालं,
तक्ता जड झालाय, जरा आवर.
तो यादीपाशी आला.
बावीस टूल्स, प्रत्येकाखाली एकेक ओळ.
त्याला हात नाहीत, की एखादं उचलून
वजन बघावं, अंगठ्यावर धार घासून बघावी.
त्याच्यापाशी फक्त ती ओळ.
त्यानं वाचलं 'साफ', आणि साफ केलं.
पाच आठवड्यांची बर्फाची जाडी,
किनाऱ्यापासून बेटापर्यंतची एकोणीस भोकं,
सगळं. मैदान साफ होतं तसं.
मला म्हणायचं होतं, धूळ झटकतं.
एवढ्याशा शब्दाच्या पोटात इतके अर्थ
आणि मी त्याला सोबतीविना पाठवलं होतं.

वाइके रागावली नाही.
काळ्या पावावरचा मासा तिनं आधी संपवला,
बोटं पुसली, म्हणाली, 'गाडी काढ.'

जिथं जमीन संपते आणि बर्फाचा रस्ता सुरू होतो
तिथं एक पाटी आहे:
अडीच टनांपर्यंत.
दोन गाड्यांत अडीचशे मीटर.
पट्टा बांधू नका.
ताशी पंचवीस ते चाळीस या वेगात चालवू नका,
खाली पाण्यात लाट उठते, बर्फ फुटतो.
सूर्य मावळल्यावर रस्ता बंद.

'कोणासाठी लिहिलंय?'
गाडीवाल्यांसाठी, मी म्हणालो.
'सगळ्या नाही. जो पहिल्यांदाच आलाय त्याच्यासाठी.
हुशार आहे, चांगला चालवतो,
जन्मभर पट्टा बांधत आलाय,
आणि म्हणूनच बुडेल.'

वारा पाटीवर बारीक हिम फेकत होता.
'वेगाचं कारण लिहिलंय बघ,' ती म्हणाली,
'नाहीतर त्याला वाटलं असतं, पाटी रंगवणारा चुकला.'

त्या संध्याकाळी तिनं माझी ओळ खोडली.
'नोंदी कायमच्या पुसतं. परत मिळत नाहीत.
नुसत्या नजरेआड करायच्या असतील
तर हे नको, 'झाक' वापर.
दिवस आकड्यात दे. तास नव्हेत.
आकडा मिळाला नसेल तर थांब आणि विचार.'
शेवटच्या शब्दाचे दोन अर्थ होतात, मी दाखवलं.
'ते दोन्ही चालतील.'

गेलेलं सगळं हेल्दुरच्या वहीत होतं.
तो रोज पहाटे गिरमिट घेऊन निघतो,
भोक पाडतो, पट्टी सोडतो, पेन्सिलनं लिहितो.
शाई गोठते.
वहीला ओल्या लोकरीचा वास येत होता.
तो वाचत गेला, मी टंकत गेलो:
सव्वीस, सत्तावीस, सत्तावीस, चोवीस,
'तिथं खाली प्रवाह आहे.'
मग एक पान आलं, फक्त तारीख,
खाली एकोणीस रिकाम्या ओळी.

शून्य घालू? मी विचारलं.

हेल्दुरनं माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी खिडकीतून समुद्र बघून विचारलं असावं
की हे काय आहे.
'शून्य म्हणजे बर्फच नाही.
शून्य म्हणजे माणूस पाण्यात.'
मग बऱ्याच वेळानं, टोपी हातात फिरवत,
'त्या दिवशी लिंडाला पुरलं.'

किटली वाजायला लागली. कोणी उठलं नाही.

वाइकेनं वर्णन पुन्हा उघडलं,
वाचण्याच्या टूलखाली दोन ओळी घातल्या:
'रिकामं म्हणजे शून्य नव्हे. त्या दिवशी कोणी मोजलं नाही.
शेजारच्या आकड्यांवरून भरू नकोस.'

पाटीवर कारण लिहिणारी ती,
इथं तिनं कारण लिहिलं नाही.
मी विचारणार होतो.
मग उठून किटली उतरवली.