चोरखिसा

माझ्या दुकानाच्या पाटीवर अजून तेच आहे:
येथे सर्व शाळांचे गणवेश शिवून मिळतील.
खाली फोन नंबर, त्यातला एक आकडा उडालेला.
पाचपावलीत मे महिन्यात दुपारी तीनला
कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही,
अशा वेळी आला सुगत, मेश्रामांचा,
ज्याची पँट मी दरवर्षी दोन बोटं सोडत आले, पार दहावीपर्यंत.

"काकू, हूडी शिवता येते का तुम्हाले?"
"ते काय होय?"
"टोपीवालं स्वेटर."
"सत्तेचाळीस डिग्रीत टोपी घालून कोण फिरते बे?"
"आमी," तो म्हणाला.
आणि तेच नाव ठेवलं त्यानं कंपनीचं: ४७.

इंदोऱ्यात एका बंद रेशन दुकानाच्या ओट्यावर
रविवारी पोरं गोल करून उभी राहतात.
तौसीफ तोंडानं ढोल काढतो, तोंडानंच काच फोडतो.
हेडाऊंची रुतिका, कोष्ट्यांच्या गल्लीतली,
श्वास न घेता सुटते:
आमच्या गल्लीत सावली बी भाड्यानं मिळते,
उभा राहशील तं मीटर पाह्यजो.
मी एकदा गेले, मापं घ्यायचं निमित्त करून.
आधी वाटलं, भांडण आहे, कोणी पोलीस बोलवा.
मग दिसलं, ज्याच्यावर फटका बसतो
तोच सगळ्यांआधी टाळी वाजवतो.

पहिल्या तीस हुड्यांचा गळा
मी शाळेच्या स्वेटरचा काढला.
एकाही पोराचं डोकं आत जाईना.
रात्रभर उसवलं. कूलरचं पाणी संपलं, भरायला उठले नाही.
आणि डाव्या अंगाला, आतून, कोणी न सांगता
एकेक चोरखिसा लावला.
हाताची सवय. गणवेशाला लावतेच मी:
ऑटोचे पैसे, चिंचेची गोळी,
आईनं चिठ्ठीवर लिहून दिलेला फोन नंबर.
सुगतनं खिसा पाहिला. काही बोलला नाही.
पहिल्या रविवारी नऊ गेल्या, त्यातली एक उधारीवर.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं.
पुण्याचे चाळीस नग. गुवाहाटीचे बारा,
ती कुठं आहे ते मी पुतण्याच्या नकाशात शोधलं.
हाताखाली तीन बाया आल्या, मग सात.
कोणी मोठा रॅपर घालून नाचला म्हणे,
मोबाईलवर दाखवला मला.
मी त्याचं तोंड नाही पाहिलं, खांद्याची शिलाई पाहिली.
सरळ होती.

मग बर्डीच्या फुटपाथवर नक्कल आली, अडीचशेला,
त्यातला सात उलटा छापलेला.
सुगत पेढे घेऊन आला.
"काकू, आपल्याकडं चोरी झाली! आता झालो आपण ब्रँड."

दिवाळीनंतर तिरुपूरचा नमुना आणला.
निम्मे पैसे, दिवसाला पाचशे नग.
मान खाली घालून नाही सांगितलं, हे मला आवडलं.
"माल पुरत नाही, काकू."
माझी बोटं पुरत नाहीत, हे मला त्याच्याआधी माहीत होतं.
मी नमुना उलटा केला, डावीकडं हात घातला.
गुळगुळीत.
"खिसा?"
"नगामागं अकरा रुपये वाढते."
कात्रीच्या पाठीवरून अंगठा फिरवत मी हिशेब केला,
पाचशे गुणिले अकरा.
पोरगा बरोबर होता.
चहा पिऊन गेला. कप स्वतः विसळून ठेवला.

आता जून. दुकानात निळ्या चौकड्यांचा डोंगर.
काल एक पोर आलं, आठवी-नववीतलं,
अंगात बर्डीची नक्कल, घामानं चिकटलेली.
"काकू, आतून खिसा लावून देता का?
असली मालाले असते म्हणे."
"काय ठेवशील त्यात?"
त्यानं खांदे उडवले.
तीस रुपये घेतले.
सात उलटा होता, तो तसाच राहू दिला.