कव्हर गेलेलं पुस्तक

मुहर्रकमधल्या आमच्या लाँड्रीत
कुणी परत न नेलेल्या कपड्यांचं एक कपाट आहे.
सहा महिने वाट बघायची, मग मालक म्हणतो, घ्या वाटून.
माझ्या वाट्याला एका अमेरिकन इंजिनिअरचा लोकरी कोट आला,
या बेटावर जो घालून जायला जागा नाही,
आणि कोटाच्या आतल्या खिशात एक कादंबरी.
कव्हर गेलेलं. पहिली चार पानंही.
म्हणून लेखकाचं नाव मला ठाऊक नाही.
मी त्याला ‘ते’ म्हणतो,
आई वडिलांविषयी बोलायची तसं.

माझं इंग्रजी दहावीपर्यंतचं, तेही देवरुखचं.
रोज दोन पानं. अडलेले शब्द
कपड्यांच्या टॅगवर लिहून शशिधरनला विचारायचे.
तो पूर्वी शाळेत शिकवायचा,
आता डाग काढतो.

त्यांच्या पुस्तकात नदीकाठी एक कारखाना आहे,
आणि बॉयलरमध्ये कोळसा ओढणारा एक माणूस.
शनिवारी पगार झाला की तो घराच्या पायरीवर बसतो,
बूट काढतो, तळवे गार मातीला लावतो.
बायको वाडग्यातून घेवड्याचं कालवण आणते.
शेजारचा म्हातारा बाजावर एकच गाणं
रोज त्याच जागी चुकवतो.
आणि ते लिहितात :
या घटकेला त्याला काही कमी नव्हतं.

इथं मी पुस्तक मिटलं.

अहो, तुम्ही कुठं उभे होतात तेव्हा?
रस्त्यापलीकडे, वही घेऊन?
त्याची दाढ ठणकत होती का, विचारलंत?
कोळसा थुंकीत येतो,
पायरीवर बसल्यावरही येतो.
काही कमी नाही, हे वाक्य
आमचा मालकही म्हणतो, पाहुण्यांसमोर,
माझ्या खांद्यावर हात ठेवून : माझी मुलं. खुश आहेत.
दिवसाला दोनशे थोब. खळ, वाफ, घडी.
उजव्या मनगटावर आता केस उगवत नाहीत.
मुलगी व्हिडिओवर विचारते,
बाबा, तुमचा एकच हात कसा गुळगुळीत?

अकरा दिवस पुस्तक उशीखाली पडून होतं.

मग खोलीतला एसी गेला.
ऑगस्टची रात्र, अंगाला चिकटणारी.
आम्ही गाद्या घेऊन गच्चीवर.
दाभोळच्या इब्राहिम नाखव्यानं साफी मासळीचं कालवण केलं,
बहिणीनं पाठवलेली शेवटची आमसुलं टाकून.
टेकबहादूरनं खालच्या दुकानाच्या एसीचं ठिबकतं पाणी
बादली भरून वर आणलं,
नळाचं पाणी इथं रात्रीही पोळतं म्हणून.
चार माणसांचे आठ पाय एका बादलीत.
मावत नव्हते, तरी.
दर वीस मिनिटांनी डोक्यावरून विमान उतरायचं,
इतकं खालून की बोलणं तोडावं लागे.
शशिधरन म्हणाला, माझ्या सासऱ्याची म्हैस...
विमान.
आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत थांबलो.
विमान गेलं. तो म्हणाला,
...विहिरीत पडली.
हसता हसता नाखव्याला ठसका लागला.
मी खुबूसचा तुकडा कालवणात बुडवला,
आणि माझ्याही नकळत
रस्त्यापलीकडे नजर गेली.
कुणी उभं नव्हतं. एक मांजर होतं,
माशांच्या डोक्यांवर डोळा ठेवून.

सगळे झोपल्यावर मोबाईलच्या उजेडात
ते पान काढलं.
मी जिथं मिटलं होतं
त्याच्या खाली अजून एक ओळ होती :
पण हे तो फोरमनला
कधीच कळू देणार नव्हता.

बराच वेळ मी ती ओळ बोटाखाली धरून बसलो.
म्हणजे पायरीवर बसला होतात तर, तुम्हीही.
कुठल्या तरी शनिवारी, बूट काढून.

शनिवारी सकाळी मालक आले, सोबत कुणी पाहुणा.
खांद्यावर हात पडला. खुश?

मी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं
आणि थोबाची कॉलर उलटी करून
तिच्यावर इस्त्री ठेवली.